आयोग एक, मनुष्यबळ राज्यांचे

भारतीय संविधानाच्या मसुद्यात संसदेच्या निवडणुकांसाठी एक आयोग आणि राज्य विधिमंडळांसाठी वेगळे आयोग सुचवले होते. १५ जून १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत ही रचना बदलणारी दुरुस्ती मांडली. काही प्रांतांत वंशाने, भाषेने किंवा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांना मतदारयादीबाहेर ठेवले जात असल्याच्या तक्रारी होत्या. मताधिकार प्रांतिक सरकारांच्या मर्जीवर राहू नये, म्हणून अनुच्छेद ३२४ने संसद, राज्य विधिमंडळे, राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुका एकाच आयोगाकडे सोपवल्या. संघराज्यातला हा मोठा आणि जाणीवपूर्वक स्वीकारलेला अपवाद होता.

अनुच्छेद ३२५नुसार धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कोणालाही मतदारयादीतून वगळता येत नाही. अनुच्छेद ३२६ प्रौढ मताधिकार देतो; ६१व्या दुरुस्तीने १९८९मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर्षांवर आले. तपशील दोन लोकप्रतिनिधित्व कायद्यांत आहेत. १९५०च्या कायद्यात जागावाटप व मतदारयाद्या, तर १९५१च्या कायद्यात पात्रता, अपात्रता, मतदान, भ्रष्ट आचरण आणि निवडणूक विवाद येतात.

जागावाटपात संघराज्याचा पेच सर्वांत स्पष्ट दिसतो. अनुच्छेद ८१नुसार राज्याची लोकसंख्या आणि त्याच्या लोकसभेच्या जागा यांचे प्रमाण शक्यतो सर्वत्र सारखे असावे लागते. लहान राज्यांना मात्र सवलत आहे. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचे प्रतिनिधित्व घटू नये, म्हणून १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने १९७१च्या जनगणनेवर आधारलेल्या जागा गोठवल्या. ८४व्या दुरुस्तीने या गोठवणीची मुदत २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. महाराष्ट्राच्या ४८ आणि गोव्याच्या २ जागा याच चौकटीतल्या आहेत. मतदारसंघांच्या सीमा मात्र २००१च्या जनगणनेनुसार आखून २००८मध्ये लागू झाल्या.

एवढी मोठी निवडणूक पार पाडण्याइतका कर्मचारीवर्ग आयोगाकडे नाही. त्याने विनंती केल्यास राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी तो उपलब्ध करून द्यावा, असे अनुच्छेद ३२४(६) सांगतो. प्रत्यक्षात जिल्हाधिकारी निवडणूक अधिकारी होतात. तलाठी, शिक्षक अशी राज्याच्या सेवेतील माणसे याद्या आणि केंद्रे सांभाळतात. १९८९पासून अमलात असलेल्या तरतुदींनुसार निवडणुकीच्या कामावरील असे अधिकारी आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते आणि त्या काळात त्यांच्यावर आयोगाचे नियंत्रण व शिस्त चालते. यंत्रणा राज्यांची असूनही निवडणूक राज्य सरकारच्या हातात जात नाही, ती या व्यवस्थेमुळे.

मग आयोग स्वतः कोणाच्या प्रभावाखाली तर नाही ना, हा प्रश्न अटळ ठरतो. मुख्य निवडणूक आयुक्तांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांप्रमाणेच, संसदेच्या विशेष बहुमतानेच पदावरून दूर करता येते. नेमणुकीबाबत मात्र संविधानाने कायदा करण्याचे काम संसदेवर सोपवले होते आणि तो दशकानुदशके झाला नाही. मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा होईपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांची समिती ठरवली. त्याच वर्षीच्या कायद्याने सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला केंद्रीय मंत्री आला. समितीत सरकारचे बहुमत असल्याने ही तरतूद आयोगाच्या स्वातंत्र्याची खरी कसोटी आहे.

निवडणूक सुरू असताना न्यायालयीन हस्तक्षेपाने ती रखडू नये, ही अनुच्छेद ३२९ची भूमिका. १९५२च्या पोन्नुस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यामुळे निकालाला आव्हान द्यायचे तर निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते. तिच्या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते.