चुंबकाच्या इशाऱ्यावर हृदयात फिरणारी नळी

दिल्लीच्या उत्तरेकडील रिजवर महापालिकेचे हिंदूराव रुग्णालय आहे. अशा कुठल्याही सरकारी ओपीडीत ‘छातीत धडधडतं’ म्हणणारे रुग्ण भेटतातच. कुणाची धडधड रक्तक्षयाची, कुणाची थायरॉइडची, तर काहींच्या हृदयातल्या विजेच्या वहनातच बिघाड असतो.

हा बिघाड गोळ्यांना दाद देत नसेल, तर जांघेतल्या शिरेतून बारीक नळी (कॅथेटर) हृदयात नेतात आणि रेडिओलहरींच्या उष्णतेने नेमका दोषी ठिपका जाळतात. अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, अनियमित थरथरीची ठिणगी बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते, हे 1998 मध्ये फ्रान्समधील मिशेल हायसागेर यांनी दाखवले. तिथली भिंत अवघी काही मिलिमीटर जाड. ताठ कॅथेटरचा दाब थोडा जास्त झाला, तर भोक पडू शकते. शिवाय शिशाचा एप्रन चढवून डॉक्टर तासन्‌तास क्ष-किरणांजवळ उभे.

या अडचणींवर उपाय म्हणून आलेल्या चुंबकीय पद्धतीत रुग्णाच्या दोन्ही बाजूंना मोठे चुंबक असतात, तर मऊ कॅथेटरच्या टोकाशी इवलेसे. मोठे चुंबक फिरले की क्षेत्राची दिशा बदलते आणि टोक तिकडे वळते. हे क्षेत्र सुमारे 0.1 टेस्लाचे, एमआरआयचे नेहमीचे 1.5. डॉक्टर शेजारच्या खोलीत पडद्यावर हृदयाचा नकाशा पाहत माउस हलवतात आणि कॅथेटर मिलिमीटर-मिलिमीटरने सरकतो. इटलीच्या कार्लो पाप्पोने यांनी 2006 मध्ये 40 रुग्णांवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला.

क्ष-किरण कमी, भोक पडण्याची भीती कमी, हे फायदे खरे. पण वेळ जास्त लागतो, खर्चही मोठा, आणि निष्णात हातापेक्षा गुण ठळकपणे जास्त येतो असे दिसलेले नाही. दूरवरून उपचारही अशक्य नाहीत: डिसेंबर 2018 मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरात बसून सुमारे 32 किलोमीटरवरच्या अहमदाबादेतील रुग्णांवर रोबोच्या मदतीने अँजिओप्लास्टी केली. तो उपचार धमनीचा होता, ठोक्यांचा नव्हे. आणि रुग्णाजवळ सज्ज पथक होतेच.

यंत्र कितीही पुढे गेले, तरी निदान त्या बिघडलेल्या ठोक्यांच्या नोंदीवरच ठरते, आणि झटका ओसरला की ईसीजी बहुधा साधाच येतो. म्हणून धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या. त्याचा कागद कालांतराने पुसट होतो, झेरॉक्स जपून ठेवा. सोबत भोवळ, बेशुद्धी किंवा छातीत दुखणे असेल, तर थेट आपत्कालीन विभाग गाठा.