टर्बो गाडी घेतलीत, आता पेट्रोल साधं टाकायचं की प्रीमियम?

धंदा जरा रुळावर आला की बऱ्याच जणांची पहिली हौस असते गाडीची. आणि तीही साधी नाही, टर्बो पाहिजे. आपल्या बॅचमधल्या काहींनी सेकंडहँड पोलो जीटी, आय-ट्वेंटी एन लाईन अशा गाड्या घेतल्यात. गाडी घ्यावी की नाही यावर व्हिडिओत बोलून झालंय, ते परत उगाळत नाही. घेतलीच आहे, तर पंपावरचा मुलगा विचारणारच, "सर, प्रीमियम डालूँ?" तेव्हा काय सांगायचं ते बघू.

बहुतेक जण नुसती मान हलवतात. गाडी एवढी महागाची, मग लिटरमागे सात-आठ रुपयांसाठी कंजुषी कशाला? पण हा खर्च दर आठवड्याचा आहे. पेट्रोल जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे गाडी धंद्याच्या कामाला वापरली तरी त्यावर इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे वरचे पैसे सरळ गल्ल्यातूनच जातात.

आधी एक गैरसमज काढून टाका. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. ९५ ऑक्टेनच्या एका लिटरमध्ये ९१ च्या लिटरपेक्षा जास्त ऊर्जा भरलेली नसते. पेट्रोल स्वतःहून पेट न घेता किती दाब आणि उष्णता सहन करतं, ते हा आकडा सांगतो. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० आणि हेप्टेनला ० धरून ही पट्टी बनवली आहे. ९५ म्हणजे ९५ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेनचं मिश्रण जसं वागेल तसं वागणारं पेट्रोल.

आता इंजिनात काय होतं? पिस्टन हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबतो, प्लग ठिणगी टाकतो आणि जाळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरतो. दाब किंवा उष्णता फार झाली, तर जाळ पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण एकदम भडकतं. मेकॅनिक ज्याला नॉकिंग म्हणतो ते हेच. ते सतत चालू राहिलं तर पिस्टन खराब होतो, आणि टर्बो इंजिन उघडायचं बिल म्हणजे छोट्या दुकानाचं एका महिन्याचं भाडं. टर्बो हवा आधीच दाबून आत ढकलतो, म्हणून अशा गाडीला हा धोका जास्त.

आजच्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. नॉकिंगची चाहूल लागली की गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण ताकद आणि ॲव्हरेज थोडं उतरतं. ९५ साठी बनवलेल्या इंजिनात ९५ टाकलं, की ही गमावलेली ताकद परत मिळते. ९१ वर खूश असलेल्या इंजिनात मात्र ९५ टाकून सहसा हाती काही लागत नाही.

माझं दुकान चिंचपोकळीत, पॅकिंगच्या मालाचं. चिवडा गल्लीतला कोणी जाडातली जाड पिशवी मागायला लागला, तर मी आधी विचारतो, माल गिऱ्हाईक हातात घेऊन जाणार की कुरिअरने दुबईला जाणार? जाड पिशवीने चिवडा चविष्ट होत नाही. ऑक्टेनचंही तसंच.

मग तुमच्या गाडीला काय लागतं? पेट्रोलचं झाकण उघडा आणि आतला स्टिकर वाचा, नाहीतर मॅन्युअल बघा. 'किमान' ९५ लिहिलं असेल तर वाद संपला, ९५ च टाका. कमी टाकत राहिलात तर वॉरंटीच्या वेळी प्रश्न निघू शकतो. किमान ९१ आणि 'शिफारस' ९५ असेल, तर निवड तुमची. इथे एक सावधगिरी. यूट्यूबवर अमेरिकन माणूस ९१ ला प्रीमियम म्हणतो, कारण त्यांच्याकडे दोन पद्धतींच्या आकड्यांची सरासरी पंपावर लिहितात. त्यांचं साधं ८७ म्हणजे आपल्या पट्टीवर साधारण ९१ च. तो व्हिडिओ बघून आपल्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका.

आपल्याकडे साध्या पेट्रोलचं ऑक्टेन पूर्वी ८८ होतं, ते पुढे ९१ झालं. आता २० टक्के इथेनॉलवालं ई-ट्वेंटी आलंय आणि सरकारच्या म्हणण्यानुसार त्याचं ऑक्टेन ९५ आहे. इथेनॉलचं ऑक्टेन मुळातच जास्त, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. आणि साधंच जर ९५ झालं असेल, तर ९५ च्या प्रीमियमला वरचे पैसे ऑक्टेनसाठी का द्यायचे, हा प्रश्न पंपवाल्याला जरूर विचारा. उरतं ते इंजिन स्वच्छ ठेवणारं ॲडिटिव्ह. त्याचा थोडा उपयोग असतो, पण प्रत्येक टाकीला हवंच असं नाही. जुनी गाडी असेल तर ती ई-ट्वेंटीला चालते का तेही झाकणावर बघा. प्रीमियम आहे म्हणजे त्यात इथेनॉल नाही, असं गृहीत धरू नका.

आता आकडे. समजा साधं १०४ रुपये, प्रीमियम ११२. गाडी १२ चं ॲव्हरेज देते आणि महिन्याला १,००० किलोमीटर फिरते. लागतात सुमारे ८३ लिटर. म्हणजे महिन्याला ६६५ रुपये जास्त, वर्षाला आठ हजार. हे वसूल व्हायला ॲव्हरेज १२ वरून जवळजवळ १३ वर जायला हवं. इंडियन ऑईलचं १०० ऑक्टेनवालं एक्सपी-१०० डिसेंबर २०२० मध्ये आलं, तेव्हा दिल्लीत भाव १६० रुपये होता आणि साधं ८२ च्या आसपास. आज १०४ च्या जागी १६० देणार असाल, तर १२ ची गाडी साडेअठरा द्यायला लागेल. कुठलीच देणार नाही. ते ज्या इंजिनासाठी आहे, ते इंजिन तुमच्याकडे असेल तरच बोला.

माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजा. टाकी ऑटो-कटपर्यंत फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा. साध्याच्या तीन टाक्या, मग प्रीमियमच्या तीन, रस्ता आणि पंप तेच. प्रीमियमची पहिली टाकी हिशोबात धरू नका, कारण टाकीत जुनं पेट्रोल उरलेलं असतं आणि कॉम्प्युटरलाही जुळवून घ्यायला वेळ लागतो. डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजपेक्षा हा आकडा खरा.

रस्त्याचाही फरक पडतो. लालबागच्या सिग्नलला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीचा टर्बो जवळजवळ झोपलेला असतो, तिथे जास्तीचं ऑक्टेन नुसतं बसून राहतं. मे महिन्यात चार माणसं, सामान आणि एसी लावून खंडाळ्याचा घाट चढताना इंजिनावर खरा भार येतो. स्टिकरवर ९५ ची नुसती शिफारस असेल आणि तुमच्या पंपावर साधं अजून ९१ च मिळत असेल, तर रोजच्या फेऱ्यांना साधं आणि घाटाच्या आदल्या दिवशी ९५ ची टाकी, एवढं पुरतं. एकदा प्रीमियम टाकलं की कायम तेच टाकावं लागतं, असं काही नसतं. दोन्ही मिसळली तरी चालतात, ऑक्टेन साधारण मधलं मिळतं. फक्त किमान ९५ वाल्या गाडीत हा खेळ करू नका.