वाऱ्याची भट्टी आणि बंगळूरचा चॉप

गेल्या काही वर्षांत शहरी स्वयंपाकघरांतून एक नवे यंत्र येऊन बसले आहे. त्याला ‘एअर फ्रायर’ म्हणतात, म्हणजे वाऱ्यावर तळणारे. हे नाव ऐकून जुन्या गृहिणींच्या भुवया उंचावतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. तळणे म्हटले की तेल आले, कढई आली, आणि कढईत पदार्थ सोडताच होणारा तो चर्र आवाजही आला. या यंत्रात यांपैकी काहीच घडत नाही. वर विजेने तापणारी तार, तिच्या जोडीला एक पंखा आणि खाली जाळीची टोपली, एवढाच त्याचा संसार. पंखा तापलेली हवा वेगाने खाली लोटतो, ती पदार्थाभोवती फिरते आणि पुन्हा तापण्यासाठी वर जाते. तेव्हा हे यंत्र तळत नाही, भाजते. ती एक लहानशी भट्टीच आहे. फरक इतकाच की या भट्टीत वारा कोंडलेला आहे.

कल्पना तशी अगदी नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी विमानातून जाणाऱ्या सैनिकांचे गोठवलेले जेवण ऊन करण्यासाठी पंख्याची भट्टी तयार केली होती. पुढे फ्रेड फान डर वाय या डच संशोधकाने तिला घरगुती आकार दिला, आणि फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात ते यंत्र लोकांपुढे ठेवले. स्थिर हवेत तापणाऱ्या कोणत्याही पदार्थाभोवती त्याच्याच वाफेचे एक पातळ, दमट कवच साचून राहते, आणि बाहेरची उष्णता आत शिरण्यास ते अडथळा करते. वारा हे कवच उडवून लावतो. दोरीवरचे धुणे वाऱ्याच्या दिवशी लवकर का वाळते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या यंत्राचे सारे शास्त्र ठाऊक आहे. बटाट्याच्या कापांना हे वाळणे मानवते. डुकराच्या मांसाच्या चॉपला मात्र तेच नडते. कुरकुरीत पृष्ठभाग आणि आत रस, या दोन्ही गोष्टी एकाच वाऱ्याकडून मिळवायच्या असतात, आणि बहुतेक घरी त्यांतली पहिलीच पदरात पडते.

हा प्रश्न बंगळूरच्या स्वयंपाकघरात विशेष जिवंत आहे. १८०९ साली इंग्रजांनी आपली छावणी श्रीरंगपट्टणहून येथे हलवली. छावणी आणि जुने शहर यांचा कारभार निराळा राहिला, तो १९४९ साली एका महापालिकेखाली आला. छावणीच्या बाजूला अँग्लो-इंडियन, गोवेकर आणि मंगळूरकर ख्रिस्ती कुटुंबे नांदली. कोडगूच्या डोंगरांतून कोडव मंडळी आली. अलीकडे नागालँड, मणिपूर, मिझोरामची तरुण मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी आली. या प्रत्येकाच्या घरी वराहमांस शिजते आणि प्रत्येकाची रीत वेगळी. शहाजीराजांच्या जहागिरीच्या या गावात मराठी घरेही पुष्कळ आहेत. त्यांतल्या कित्येकांत हे मांस निषिद्ध आहे, कित्येकांत शेजाऱ्याच्या ताटातून नकळत शिरलेले आहे. कोणी काय खावे हा ज्याच्या त्याच्या उंबरठ्याआतला प्रश्न. मात्र ही चव या भूमीला परकी आहे असे कोणी म्हणू नये. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात डुकराचे केस काढण्यापासून त्याचे तुकडे निखाऱ्यांवर भाजण्यापर्यंतची कृती राजाच्या भोजनप्रकरणात सांगितली आहे. आणि कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठी-कानडी सीमेवरचे.

कोडव घरची ‘पंदी करी’ घ्या, किंवा गोव्याचे सोरपोतेल घ्या. त्यांत सहसा चरबीसकट, पोटाकडचे किंवा खांद्याचे मांस घेतात आणि ते मंद आचेवर पुष्कळ वेळ शिजू देतात. अशा मांसात स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट पडदे भरपूर असतात. दीर्घ शिजण्याने ते विरघळून त्यांचे जिलेटीन होते, आणि तेच जिभेला मऊ लागते. चॉप हा जनावराच्या कण्यालगतचा, बरगडीच्या हाडासकटचा काप होय. हा स्नायू आयुष्यभर फारसे कष्ट करीत नाही. म्हणून त्यात चिवट पडदेही थोडे आणि आतली चरबीही थोडी. त्याला ‘अजून जरा शिजू दे’ हा करीचा नियम लावला की त्याचे लाकूड होते. कोडव आजीबाईंनी करीवर कमावलेले ज्ञान चॉपला उपयोगी पडत नाही, यात आजीबाईंचा दोष नाही. जनावर एकच असले तरी हे मांस निराळे आहे.

आता या मांसाच्या आत काय घडते ते पाहू. कच्च्या मांसात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते आणि ते स्नायूंच्या तंतूंत प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेले असते. ५० अंश सेल्सिअसच्या आसपास मायोसिन नावाचे प्रथिन गोठू लागते. तेथपर्यंत फारसे बिघडत नाही. उलट मांसाला घट्टपणा येतो. ६० अंशांच्या पुढे तंतूंभोवतीची वेष्टने आकसतात आणि थोडा रस बाहेर येतो. ६५ अंशांच्या पुढे ॲक्टिन हे दुसरे प्रथिन आकसू लागते, आणि ओले फडके दोन्ही हातांनी पिळावे तसे मांस स्वतःला पिळून घेते. सत्तरी ओलांडली की पिळण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणजे रसाळपणाचा सारा खेळ ६० ते ६६ या चार-सहा अंशांच्या चिंचोळ्या पट्टीत आहे. टोपलीतला वारा १९० अंशांचा असतो. ही पट्टी ओलांडायला त्याला दोन-तीन मिनिटे पुरतात.

मग लोक इतके का शिजवतात? अज्ञानाने नव्हे, भीतीने. आणि ही भीती निराधार नाही. आपल्याकडे जी डुकरे उकिरड्यावर, उघड्या शौचाच्या जागी चरतात, त्यांच्या मांसात पट्टकृमीच्या पुटी असू शकतात. असे मांस अर्धकच्चे खाल्ले तर माणसाच्या आतड्यात कित्येक फूट लांबीचा कृमी वाढतो. मेंदूत पुटी होऊन येणारे अपस्माराचे झटके तर भारतातील दवाखान्यांना नवे नाहीत. बंगळूरच्या निम्हान्समध्येही असे रुग्ण येतात. परंतु येथे एक घोटाळा आहे आणि तो नीट उकलला पाहिजे. मेंदूतल्या पुटी डुकराचे मांस खाण्याने थेट होत नाहीत. ज्या माणसाच्या आतड्यात तो कृमी आहे, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती पाण्यातून, मातीतून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून किंवा अस्वच्छ हातांतून ज्याच्या पोटात जातील त्याच्या मेंदूत पुटी होतात. म्हणूनच ज्याने जन्मात मांसाला स्पर्श केलेला नाही अशा माणसालाही हा रोग गाठतो. त्याच्याशी झुंजायचे ते शौचालयाने, साबणाने आणि भाजी धुऊन. चॉप करपवून तो झुंजला जात नाही.

चॉपपासून जो धोका आहे तो आतड्यातल्या कृमीचा, आणि त्यावर उपाय सोपे आहेत. मांस विकत घेताना त्यात भिजलेल्या साबुदाण्यासारख्या, आत पांढरा ठिपका असलेल्या पुटी दिसल्या तर ते घेऊच नये. पाळलेल्या, बंदिस्त जागी वाढवलेल्या डुकराचे, तपासलेले मांस घ्यावे. शंका असेल तर घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवावे. पुटी त्या थंडीत मरतात. आणि अखेरचा उपाय उष्णतेचा. मांसाच्या मध्यभागी ६३ अंश तापमान आले आणि तेथून पुढे किमान तीन मिनिटे मांस तसेच राहू दिले, की पुटींतला जीव संपतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने अखंड कापांसाठी अनेक वर्षे ७१ अंश सांगितले होते. २०११ साली त्याने तो आकडा उतरवून ६३ अंश आणि तीन मिनिटांचा विसावा असा केला. खिम्याला मात्र ७१ च हवेत, कारण खिमा करताना बाहेरचे जंतू आत मिसळतात. गर्भवती स्त्रिया, आजारी माणसे यांच्या ताटासाठीही जास्तीचा आकडा धरावा आणि थोडा कोरडेपणा सोसावा. इतरांसाठी रसाळपणाची पट्टी आणि निर्धास्तपणाची पट्टी एकमेकींवर बेतल्यासारख्या जुळतात, ही निसर्गाची मेहेरबानीच म्हणावयाची.

हे ६३ अंश ओळखायचे कसे? रंगावरून नव्हे. आतला फिकट गुलाबी रंग म्हणजे कच्चेपणा असे नाही, आणि पांढरा पडलेला चॉप सुरक्षित झालाच असेही नाही. बोटाने दाबून पाहण्याची विद्या वर्षानुवर्षांच्या सवयीने येते. ज्याच्याकडे ती नाही त्याने सुईचा उष्णतामापक घ्यावा. यंत्राच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ आहे. तो खरा बोलतो की नाही हे बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहावे, शून्य दिसले पाहिजे. उकळत्या पाण्यात बुडवला तर मात्र बंगळूरकराने दचकू नये. हे शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून उंच आहे. येथे पाणी शंभराला नव्हे, सुमारे ९७ अंशांनाच उकळते. मुंबईचा पाहुणा हा आकडा पाहून उपकरण दुकानदाराला परत द्यायला निघेल, त्याला थांबवावे.

प्रत्यक्ष कृतीत पहिली गोष्ट जाडीची. खाटीक सवयीने बोटभर जाडीचेही काप देत नाही. त्याला अडीच ते तीन सेंटीमीटरांचे काप मुद्दाम सांगून घ्यावेत. पातळ काप बाहेरून तांबूस होईपर्यंत आतून वाळून जातो, त्याला कोणतीही युक्ती वाचवीत नाही. दुसरी गोष्ट मिठवणीची. कैरीसाठी मिठवणी करतात तशीच, पण सौम्य: एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ आणि चमचाभर साखर. तीत चॉप बुडवून दीड-दोन तास शीतकपाटात ठेवावेत. मिठाने प्रथिनांचे जाळे सैल होऊन फुगते, पाणी अधिक धरते आणि तापल्यावरही सहजी सोडीत नाही. तापमान दोन-तीन अंश चुकले तरी मिठवणीतला चॉप ते सोसून जातो. पुढे मसाल्यात मीठ घालू नये, हे सांगायला नकोच.

मिठवणीतून काढल्यावर काप फडक्याने अगदी कोरडे टिपावेत. ही पायरी लोक हटकून गाळतात. पृष्ठभाग ओला असेल तर वाऱ्याची पहिली मिनिटे ते पाणी उडवण्यातच जातात. तांबूस, खमंग कवच १४० अंशांच्या पुढे धरू लागते, आणि ओल्या मांसाचा पृष्ठभाग तेथवर पोहोचतच नाही. कडेच्या चरबीला दोन-तीन चिरा द्याव्यात, नाहीतर ती आकसून काप वाटीसारखा वळतो. मग काळी मिरी, धने आणि जिरे काळपट भाजून केलेली कोडवी पद्धतीची पूड तेलात कालवून चोळावी. कोरडी पूड वाऱ्याने उडते आणि तारेवर जळते, म्हणून तेल; त्याचे काम एवढेच. टोपलीखालच्या भांड्यात दोन-चार चमचे पाणी ठेवले की गळणाऱ्या चरबीचा धूर होत नाही.

यंत्र १९० अंशांवर पाच मिनिटे रिकामे तापवावे. काप एकमेकांना न भिडता ठेवावेत. दाटी केली तर वारा फिरत नाही आणि भाजण्याऐवजी वाफवणे होते. सहा मिनिटांनी उलटावेत. तीन सेंटीमीटरांच्या कापाला एकूण बारा-चौदा मिनिटे लागतात. परंतु घड्याळावर विसंबू नये, नवव्या मिनिटापासून सुई लावून पाहावी. सुई काठाकडून आडवी, बरोबर मध्यापर्यंत जावी आणि हाडाला टेकू नये. ६३ दिसले की लगेच बाहेर.

यानंतरची पाच मिनिटे धीराची. तापलेल्या बाहेरच्या भागातली उष्णता आत सरकत राहते, मध्याचे तापमान आणखी दोन-तीन अंश चढते आणि रस किंचित घट्ट होतो. लगेच सुरी लावली तर तो ताटात वाहून जातो. याच वेळी कचंपुळी घालावी. आपल्या कोकमाच्याच कुळातील एका फळाचा रस आटवून केलेली ही काळी, दाट, तिखट आंबटाई कोडवांच्या घरोघरी बाटलीत असते. पंदी करीतही ती शेवटीच पडते, आणि त्यामागे जाणतेपण आहे. आंबटात फार वेळ मुरलेल्या मांसाचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो, शिवाय आंबटाने तांबूस रंगही नीट धरत नाही. पाव चमचा कचंपुळी चॉपमधून पाझरलेल्या रसात कालवून वर ओतावी. ती मिळाली नाही तर कोकमाचे आगळ चालेल, मात्र ते खारट असते हे ध्यानात ठेवून.

उरलेला चॉप दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रात पुन्हा तापवण्याचा मोह होतो. तसे केल्यास आदल्या दिवशी जपलेला रस निघून जातो. तो गारच राहू द्यावा, आडव्या तंतूंवर पातळ चिरावा, आणि हिरवी मिरची व कांद्याबरोबर तांदळाच्या ऊन भाकरीत, कोडव जिला अक्की ओट्टी म्हणतात तिच्यात, गुंडाळून खावा.