विश्लेषण : बाल्कनीत फाउंटन ग्रास लावावे की बोस्टन फर्न?

पावसाळा सुरू झाला की रोपवाटिकांमध्ये गर्दी वाढते. जुलैच्या दमट हवेत तिथले प्रत्येक रोप टवटवीत दिसते. जांभळट पात्यांचे फाउंटन ग्रास आणि टांगत्या कुंडीतून खाली झुलणारा बोस्टन फर्न ही त्यातली दोन लोकप्रिय रोपे. दोन्हींची पाने कारंज्यासारखी वाकलेली असतात आणि ‘फार काळजी घ्यावी लागत नाही’ असे दोन्हींबद्दल सांगितले जाते. मात्र एकाला जे मानवते, तेच दुसऱ्याला मारते. एप्रिल उजाडेपर्यंत फर्नच्या कुंडीत तपकिरी काड्या उरतात किंवा गवत मुळाशी कुजून पिवळे पडते. अशा वेळी काळजी कमी पडली असे वाटते, पण बहुतेकदा जागेची निवड चुकलेली असते.

ही दोन झाडे मुळात कोणती?

फाउंटन ग्रास हे खरे गवत आहे. मूळ आफ्रिका आणि अरबस्तानाच्या कोरड्या प्रदेशातले. बाजरीचे कणीस पाहिलेल्यांना त्याचे मऊ तुरे ओळखीचे वाटतील, कारण बाजरी ही त्याच्या जवळच्या नात्यातली. रोपवाटिकेत मिळणारी जांभळी जात ‘रुब्रम’ या नावाने ओळखली जाते. ती साधारण तीन फुटांपर्यंत वाढते.

बोस्टन फर्न म्हणजे नेचा. त्याचे मूळ अमेरिका खंडातील उष्ण, दमट जंगलांत आहे. फिलाडेल्फियाहून बोस्टनकडे पाठवलेल्या रोपांमध्ये १८९४ साली एक वेगळे, अधिक झुकलेल्या पानांचे रोप आढळले. त्यावरून हे नाव पडले.

नेच्यांना फूल येत नाही आणि बीही धरत नाही. पानांच्या मागे तयार होणाऱ्या बीजाणूंपासून त्यांचे पुनरुत्पादन होते. या जीवनक्रमात एका टप्प्यावर नरपेशीला पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपेशीपर्यंत जावे लागते. म्हणून ओलावा ही नेच्यांची केवळ आवड नाही, तर गरज आहे. पृथ्वीवर पहिले फूल उमलण्याच्या कितीतरी आधी, ३५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, नेचे अस्तित्वात होते.

गवते त्या मानाने नवी. ती डायनोसॉर नष्ट झाल्यानंतर आली, असे दीर्घकाळ मानले जात होते. मात्र चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे सापडलेल्या डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाले आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हा समज बदलला. याच सिलिकामुळे गवताच्या पात्याची कड हाताला खरखरीत लागते.

उन्हात दोघांचे वागणे वेगळे का?

पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून झाड कार्बन डायऑक्साइड आत घेते. पण ती छिद्रे उघडी असताना आतले पाणीही बाफ होऊन निघून जाते. ऊस, मका, ज्वारी आणि बाजरीप्रमाणे फाउंटन ग्रासकडे यावर एक उपाय आहे. ते आत आलेला कार्बन डायऑक्साइड पानातल्या ठरावीक पेशींमध्ये एकवटते. त्यामुळे छिद्रे कमी उघडूनही काम भागते. वैज्ञानिक भाषेत याला ‘सी-४’ प्रकाशसंश्लेषण म्हणतात. कडक ऊन आणि कमी पाणी या गवताला चालते ते त्यामुळेच. सावलीत मात्र पाती लांबट होऊन लोळतात, जांभळा रंग उतरतो आणि तुरे कमी येतात.

फर्नकडे ही सोय नाही. त्याची पाने मोठ्या झाडांखालच्या गाळीव प्रकाशासाठी घडलेली आहेत. दुपारचे थेट ऊन आणि कोरडा वारा मिळाला की टोके आधी करपतात, मग पूर्ण पान झडते. उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर ऊन नसले तरी वाऱ्यानेच फर्न सुकू शकतो.

बाल्कनीतला प्रकाश कसा ओळखायचा?

केवळ ‘ऊन येते’ एवढे पुरेसे नाही. ते कधी आणि कोणत्या बाजूने येते, हे महत्त्वाचे. मुंबई-पुण्यात मेच्या मध्याला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि शून्य सावलीचा अनुभव येतो. त्या काळात दक्षिणेच्या बाल्कनीवर वरच्या स्लॅबचीच सावली पडते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने तीच बाल्कनी उन्हाने भरते. पश्चिमेची बाल्कनी उन्हाळ्यात दुपारनंतर सर्वाधिक तापते. पूर्वेला सकाळचे सौम्य ऊन मिळते आणि उत्तरेला वर्षातला बराच काळ थेट ऊन नसते.

त्यामुळे पश्चिमेला, तसेच मोकळ्या गच्चीवर फाउंटन ग्रास आणि उत्तरेला किंवा पूर्वेला आतल्या बाजूस फर्न, ही विभागणी सहसा चुकत नाही. दक्षिणेला गवत चालेल, पण उन्हाळ्यात कुंडी कठड्याजवळ सरकवावी. जागा रोज किमान पाच-सहा तास उन्हात नसेल, तर गवताचा विचार सोडलेला बरा.

माती आणि पाणी किती?

गवताच्या कुंडीतून पाणी झटकन निघून गेले पाहिजे. बागेच्या मातीत जाड वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावा आणि खत बेतानेच घालावे. जास्त खताने पाती भराभर वाढतात, पण उभी राहत नाहीत. रोप रुजल्यावर वरची माती सुकली की पाणी द्यावे. त्याला खरा धोका उन्हाळ्यात नसून पावसाळ्यात असतो. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचले की मुळे कुजतात. फेब्रुवारीच्या अखेरीस, हातमोजे घालून, जुनी पाती वीतभर ठेवून छाटली की नवी फूट येते.

फर्नसाठी कोकोपीट, पालापाचोळ्याचे खत आणि थोडी माती असे भुसभुशीत मिश्रण लागते. ते कायम ओलसर हवे, पण चिखल नको. बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे, कोरडे लागले तर पाणी द्यावे. एप्रिल-मेमध्ये हे रोजच करावे लागते. ज्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, तिथे दहा फर्न लावण्याआधी हा हिशेब करायला हवा.

फर्नच्या पानामागे तपकिरी ठिपके दिसले की कीड समजून पाने कापली जातात. ठिपके शिरांच्या दोन्ही बाजूंना ओळीने असतील तर ते बीजाणूंचे पुंजके आहेत. विखुरलेले, नखाने निघणारे आणि चिकट असतील तर ती खवले कीड.

नावावरून फसगत कशी होते?

‘अॅस्परॅगस फर्न’ हा नेचा नाही आणि ‘मोंडो ग्रास’ हे गवत नाही. दोन्ही वनस्पती शतावरीच्या कुळातल्या आहेत. हा फरक केवळ पुस्तकी नाही. बोस्टन फर्न मांजर-कुत्र्यांसाठी विषारी नाही, अॅस्परॅगस फर्न मात्र त्यांना अपायकारक आहे.

फर्नने घरातली हवा शुद्ध होते, हा दावाही तपासून घ्यावा. त्यासाठी ‘नासा’च्या १९८९ च्या अभ्यासाचा आधार दिला जातो. तो अभ्यास बंद पेट्यांमध्ये झाला होता. अशा प्रयोगांचा २०१९ मध्ये फेरआढावा घेतला गेला. नेहमीच्या हवेशीरपणाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील, असे त्यात आढळले. त्यापेक्षा खिडकी उघडणे सोपे.

गवत निवडताना कोणती खबरदारी घ्यावी?

फाउंटन ग्रासची मूळ हिरवी जात भरपूर बी धरते आणि ते वाऱ्याने दूर जाते. हवाई बेटांवर ती मोकाट पसरली असून तिच्या वाळलेल्या पात्यांमुळे वणवे भडकतात. युरोपीय संघाने २०१७ मध्ये तिचा आक्रमक परदेशी प्रजातींच्या यादीत समावेश केला. जांभळ्या रुब्रमला सहसा रुजणारे बी येत नाही. डोंगरउतारावरील किंवा माळरानालगतच्या फार्महाऊसवर हिरवी जात लावू नये. शहरातही जांभळीच मागून घ्यावी.

दोन्ही हवी असतील तर?

एका कुंडीत नकोत, पण एका बाल्कनीत शक्य आहे. पश्चिमेच्या कठड्याला फाउंटन ग्रासच्या मोठ्या कुंड्यांची रांग आणि तिच्या मागे, भिंतीलगत फर्न ठेवावा. गवत ऊन-वारा अंगावर घेते आणि फर्नला थोडा आडोसा मिळतो. मे महिन्यात मात्र तेवढ्यावर भागत नाही. हिरवी जाळी लावावी किंवा फर्न सरळ घरात, खिडकीपासून हातभर आत आणून ठेवावा. पाऊस स्थिरावला की तो पुन्हा बाहेर जाऊ शकतो. त्याच सुमारास गवताच्या कुंडीखालची ताटली काढून टाकायला विसरू नये.