औंधचे पंचायत राज्य ते युरोपातील राजदूतपद

ग्रामपंचायतीचा कारभार आणि परराष्ट्रव्यवहार यांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न भंडारा जिल्ह्यातील सिहोऱ्यासारख्या गावच्या पंचायत सदस्यास पडणे स्वाभाविक आहे. आप्पासाहेब पंत यांच्या चरित्रात मात्र या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत.

औंध हे ७२ गावांचे छोटे संस्थान. त्याचे औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ हे तालुके एकमेकांपासून विखुरलेले होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. आप्पासाहेब हे त्यांचे पुत्र. ऑक्सफर्डला शिकून ते बॅरिस्टर होऊन परतले होते. राज्यघटनेच्या मसुद्यासाठी पितापुत्रांनी वर्ध्याजवळील शेगाव, म्हणजे आजचे सेवाग्राम, येथे महात्मा गांधींचा सल्ला घेतला. जानेवारी १९३९ मध्ये घटना अमलात आली. गावाने पंचायत निवडावी, पंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिती व्हावी आणि तालुक्यांतून राज्याचे विधिमंडळ उभे राहावे, अशी ही खालून वर जाणारी रचना होती. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या, हे लक्षात घेता या प्रयोगाचे मोल कळते. आप्पासाहेब या राजवटीत मंत्री व पुढे मुख्य प्रधान झाले. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि तेथेच त्यांचे राजकारण संपले.

त्याच वर्षी पंडित नेहरूंनी त्यांना पूर्व आफ्रिकेत आयुक्त म्हणून नैरोबीस पाठविले. आफ्रिकी जनतेच्या स्वातंत्र्याकांक्षेविषयीची सहानुभूती त्यांनी लपविली नाही. खेड्यातील माणसाला राज्य चालविता येते, हे ज्याने औंधला पाहिले होते, त्याला 'हे लोक अजून तयार नाहीत' हा वसाहतवाल्यांचा युक्तिवाद पटणे कठीणच होते. ब्रिटिश सरकार नाराज झाले व १९५४ साली त्यांना तेथून परतावे लागले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली!

सिक्कीम व इंडोनेशियानंतर १९६४ मध्ये ते नॉर्वेत राजदूत झाले; पुढे कैरो आणि १९६९ ते १९७२ लंडन येथे उच्चायुक्त. हा काळ कसोटीचा होता. १९७१ च्या बांगला देश प्रश्नाबरोबरच एक व्यापारी पेचही उभा होता. राष्ट्रकुलातील देश म्हणून भारतीय माल ब्रिटनमध्ये जकातीच्या सवलतीने जात असे. ब्रिटन युरोपीय सामायिक बाजारपेठेत शिरल्यावर ती सवलत संपणार होती. कापड व तागाच्या निर्यातीचा हा प्रश्न होता. वाटाघाटींचे निर्णय दिल्ली व ब्रुसेल्सला होत असले, तरी लंडनमधील उच्चायुक्तालयास त्याकडे डोळेझाक करणे शक्य नव्हते. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन बाजारपेठेचा सदस्य झाला आणि त्या डिसेंबरात भारताने बाजारपेठेशी व्यापारी सहकार्याचा करार केला. तोवर पंत इटलीत राजदूत होते; १९७५ पर्यंत ते तेथे राहिले.

निवृत्तीनंतर त्यांनी औंधच्या प्रयोगावर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. १९९२ साली त्यांचे निधन झाले.