धबधब्याचे छायाचित्र : शोभा आणि साक्ष

वैशाखाच्या उन्हात चंद्रपुरात धबधब्यांविषयी बोलणे म्हणजे उपाशी माणसापुढे पंगतीचे वर्णन करणे होय, असे कोणी म्हटल्यास आम्ही त्यास दोष देणार नाही. तथापि धबधब्याच्या छायाचित्राची तयारी ओढे कोरडे असतानाच करावी लागते, आणि ती का, हे पुढे ओघाने येईल.

प्रथम जागेचा विचार करू. ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५ साली झालेले. पण तेथे उंच डोंगरकडे नाहीत, आणि जुलै ते सप्टेंबर त्याचा गाभा पर्यटकांस बंद असतो. म्हणजे पाणी वाहू लागते तेव्हाच फाटक मिटते. आपल्या माणसांनी मग जावे ते चिमूर तालुक्यात डोम्याजवळच्या मुक्ताईस, किंवा रस्त्याची व परवानगीची चौकशी करून भामरागड तालुक्यातील बिनागुंड्यास. ज्यांना डोंगरी राष्ट्रीय उद्यानच पाहावयाचे आहे त्यांनी शेजारच्या बस्तरात कांगेर खोऱ्याचे उद्यान गाठावे. ते १९८२ साली झाले. तेथे तीरथगडचे पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. त्याच मुलखात, पण उद्यानाबाहेर, इंद्रावतीवरचा चित्रकोट आहे. त्याला ‘भारताचा नायगारा’ म्हणण्याची रीत पडली आहे. आपल्या वस्तूला परक्याचे नाव दिल्यावाचून तिची किंमत वाढत नाही, असे आपल्याला का वाटावे, कोण जाणे! ही इंद्रावती आपल्याला परकी नाही. हीच पुढे भामरागडला पर्लकोटा व पामुलगौतमी यांना भेटते आणि सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीत मिसळते.

आता चित्र कसे निघते ते पाहू. सारी मेख वेळेत आहे. कॅमेऱ्याचे शटर जितका वेळ उघडे, तितक्या वेळातील सर्व हालचाल एकाच चित्रात साठते. तीस मीटरवरून पडणारे पाणी तळाशी येते तेव्हा, हवेचा अडथळा सोडून दिला तर, त्याचा वेग सेकंदास सुमारे चोवीस मीटर असतो. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरते उघडले तर तेवढ्यात पाणी पाचएक सेंटिमीटर सरकते; दुरून पाहता ते थिजल्यासारखे दिसते आणि थेंब न् थेंब मोजता येतो. तिसाव्या भागात तेच पाणी ऐंशी सेंटिमीटर जाते व त्याच्या रेघा उमटतात. शटर पुरा सेकंद उघडे राहिले की पाण्याचे दूध होते. हल्ली या दुधाची फार आवड आहे. आमच्या मते संथ, पातळ धारेला ते शोभते. पण पुरातल्या गढूळ लोंढ्याला रेशमी वस्त्र नेसवले की त्याचा जोरच नाहीसा होतो. तेथे शटर जलद ठेवावे.

सेकंदभर हात स्थिर राहत नाही, म्हणून तिपाई हवी. ती नसेल तर कॅमेरा दगडावर टेकवावा व आपोआप उघडण्याची सोय लावून हात काढून घ्यावा. आजच्या पुष्कळ मोबाइल फोनांतही शटरची वेळ हाताने ठरवता येते. महागडा कॅमेरा नाही म्हणून कोणी हिरमुसू नये. उजेड मात्र मऊ हवा. ढगाळ दिवस उत्तम. भर उन्हात पांढरे पाणी जळून जाते आणि झाडी काळी पडते. त्यातही एक गंमत अशी की, कॅमेरा सगळ्या देखाव्याचा सरासरी उजेड धरून चालतो. दाट रानात चिंचोळी पांढरी धार असली की तो रान उजळवण्याच्या नादात धार करपवतो. म्हणून उजेड मुद्दाम थोडा कमी करावा. ओल्या पानांची व कातळाची चमक मारण्यास पोलरायझर नावाची फिरती काच उपयोगी पडते. आणि खिशात एक कोरडे सुती फडके असावे. तुषारांपुढे दुसरा इलाज नाही.

येथवर शोभेची गोष्ट झाली. आमचा जन्म कामगारांत गेला. शाळा लवकर सुटली आणि छायाचित्राचे मोल आम्हाला कळले ते तक्रारींच्या फायलींतून. एका कारखान्यात तुटलेल्या कठड्याचे चित्र आम्ही पुढे ठेवले, तेव्हा साहेबांनी विचारले, हे कधीचे? कोठले? तुटलेला भाग किती लांब? तेव्हापासून चित्रात माप म्हणून माणूस उभा करावा, आणि मागे तारीख व ठिकाण लिहावे, असा आमचा नेम आहे. धबधब्यालाही आम्ही तोच नेम लावतो.

चित्राची साक्ष किती दूर जाते पाहा. अमेरिकेत १८६१ साली कार्लटन वॉटकिन्स या गृहस्थाने मोठाल्या काचपाट्या डोंगरात वाहून नेऊन योसेमिटी दरीची व तिच्या धबधब्यांची चित्रे काढली. दूर पूर्वेकडे ज्यांनी ती दरी कधी पाहिली नव्हती, त्यांना ती या चित्रांतून दिसली. १८६४ साली लिंकनने दरीच्या रक्षणाच्या कायद्यावर सही केली. त्यामागे या चित्रांचाही हात होता.

आमच्या इंद्रावतीलाही अशा साक्षीची गरज आहे. ओडिशातील प्रकल्पाने तिचे काही पाणी महानदीच्या खोऱ्यात नेले. पुढे सीमेजवळ जोरा नाल्याच्या तोंडाशी बरेच पाणी नाल्याकडे वळून शबरीला जाते, आणि त्यावरून दोन राज्यांत वर्षानुवर्षे वाद आहे. पावसाळ्यात काठोकाठ कोसळणारा चित्रकोट अलीकडच्या काही उन्हाळ्यांत बारीक धारांवर आला. यात न्याय कोणाचा, हे एका चित्राने ठरणार नाही. ओडिशाच्या शेतकऱ्यालाही पाणी हवेच आहे. पण भाद्रपदातली चित्रे घरोघर, आणि वैशाखातले चित्र शोधून सापडत नाही, अशी स्थिती असेल तर नदी भरलेलीच आहे असा समज होतो. म्हणून त्याच जागेवरून, त्याच महिन्यांत, दरसाल दोन चित्रे घ्यावीत.

एक कडक सूचना. पाण्याकडे पाठ करून, फोनमध्ये पाहत मागे सरकू नये. शेवाळलेल्या कातळावर बूट टिकत नाही. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वर रानात पाऊस झालेला असतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या-पाला येऊ लागला, आवाज बदलला, की सामान तेथेच टाकून काठ चढावा. कॅमेरा पुन्हा घेता येतो. आपल्या रानात वाघ आहे, तेव्हा एकट्याने जाऊ नये, गावचा माणूस बरोबर घ्यावा व त्याची मजुरी आधी ठरवून ती पूर्ण द्यावी. माडिया माणसांची चित्रे त्यांना विचारल्यावाचून काढू नयेत. ती माणसे देखाव्याचा भाग नव्हेत.

आणि तयारी ती हीच. या महिन्यात कातळ कोरडा आहे तोवर सकाळी लवकर जाऊन जागा पाहून यावी. पुराच्या पाण्याची खूण दगडावर कोठवर चढली आहे ते बघून तिच्या पुष्कळ वर, पक्क्या जमिनीवर तिपाईची जागा ठरवावी. जवळचे झाड, कड्याचा कोपरा व पावलांचे अंतर वहीत टिपावे आणि कोरड्या कड्याचे एक चित्र तेथूनच काढून ठेवावे.