नावातले चौकोनी कंस: फॉर्मविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

फ्लास्क हे पायथॉनचे वेब फ्रेमवर्क नव्याने शिकणाऱ्याची गाडी एका जागी हमखास अडते. नोकरीच्या अर्जात शिक्षणाच्या तीन ओळी आहेत. रकान्यांची नावे ‘शिक्षण[0][परीक्षा]’, ‘शिक्षण[0][वर्ष]’ अशी. पण ‘रिक्वेस्ट.फॉर्म’मधून ‘शिक्षण’ मागितले की 400 चा एरर.

कंस घातले की ब्राउझर माहिती एकात एक रचून पाठवतो, हा मूळ गैरसमज. ब्राउझर नाव आणि व्हॅल्यू अशा जोड्यांची सरळसोट यादीच पाठवतो. कंस त्याच्या लेखी नावातली अक्षरे. पीएचपी आणि रेल्स ते कंस वाचून आपणहून एकात एक रचना बांधतात, त्यामुळे तिकडून आलेल्यांचा हा समज फार पक्का असतो. फ्लास्क आणि पायथॉनचेच दुसरे फ्रेमवर्क जँगो नावाला हात लावत नाहीत. ‘शिक्षण[0][वर्ष]’ ही अख्खी की मागा, ‘2019’ मिळेल, तेही स्ट्रिंग म्हणून. या कंसांना अर्थ देऊन फॉर्ममधून थेट जेसन पाठवण्याचा मसुदा डब्ल्यूथ्रीसीने 2014 मध्ये मांडला होता, पण 2015 मध्ये तो सोडून दिला.

‘रिक्वेस्ट.फॉर्म’ म्हणजे साधी डिक्शनरी, हेही खरे नाही. एका नावाखाली अनेक व्हॅल्यू असू शकतात. एकच मागितली तर फ्लास्क पहिली देतो, जँगो शेवटची. सगळ्या हव्यात तर ‘गेटलिस्ट’.

आणि इथेच सर्वांत घातक समजूत उभी राहते: सगळ्या ओळींत रकान्याला एकच नाव द्या, प्रत्येक रकान्याची ‘गेटलिस्ट’ घ्या, ‘झिप’ने जोडा, ओळी तयार. आपल्या अर्जात प्रत्येक ओळीला ‘अजून शिकत आहे’ हा चेकबॉक्स आहे असे धरा. उमेदवाराने दहावी, बारावी आणि पदवी भरली, टिक फक्त पदवीला केली. टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. परीक्षांची यादी तीनची, टिकची एकाची. ‘झिप’ सर्वांत आखूड यादीपाशी थांबतो. डेटाबेसमध्ये नोंद होते ती एवढीच: उमेदवार अजून दहावीत शिकत आहे. बारावी गेली, पदवी गेली, एरर मात्र कुठेच नाही. भरणाऱ्याने अर्ज बिनचूक भरलेला असतो, म्हणून ही चूक मला अक्षम्य वाटते.

तेव्हा ओळीचा क्रमांक नावातच हवा. डब्ल्यूटीफॉर्म्स या लायब्ररीचे ‘फील्डलिस्ट’ आणि ‘फॉर्मफील्ड’ हेच करतात. नावे ‘शिक्षण-0-वर्ष’ अशी होतात आणि पायथॉनकडे नीट रचलेली यादी येते. जँगोत हे काम फॉर्मसेट करतो. तिथे जावास्क्रिप्टने ओळ वाढवली की ‘टोटल_फॉर्म्स’ हा लपलेला आकडाही वाढवावा लागतो, नाहीतर नवी ओळ वाचलीच जात नाही.

जेसन पाठवले की रचना जशीच्या तशी पोहोचते, हे खरे. फक्त ती ‘रिक्वेस्ट.फॉर्म’मध्ये शोधू नये, तिथे काही नसते. फ्लास्कमध्ये ‘रिक्वेस्ट.गेट_जेसन’ वापरायचे, जँगोत ‘रिक्वेस्ट.बॉडी’ घेऊन ‘जेसन.लोड्स’ने उलगडायची.